गाउटच्या नोंदी लिहिताना या चुका टाळा

गाउट म्हणजे सांध्यात युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या रक्तातल्या रूपाचे, स्फटिक साचून होणारा आजार. केसपेपरवर 'ॲक्यूट गाउट' एवढेच लिहिले, दाह कमी करणारे कोल्चिसिन दिले, चार-पाच दिवसांत अंगठ्याची सूज उतरली. सहा महिन्यांनी तोच कागद दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती पडतो. 'ॲक्यूट' म्हणजे आला आणि गेला, असे ते समजतात. रुग्णही तेच समजतो. सांध्यात मात्र मोनोसोडियम युरेटचे स्फटिक होते तिथेच असतात आणि रक्तातले युरेट वाढलेलेच राहते. औषध बरोबर होते, शब्द चुकला.

हा घोळ जगभर होता. म्हणून जी-कॅन या गाउट-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 मध्ये दोन सहमती-निवेदने काढली. पहिल्यात आजाराच्या 11 घटकांची नावे आणि व्याख्या पक्क्या केल्या: युरेट, मोनोसोडियम युरेट स्फटिक, हायपरयुरिसेमिया (रक्तात युरेट वाढणे), टोफस (युरेटचा खडूसारखा साठा), त्वचेखालील टोफस, गाउटचा भडका, दोन भडक्यांमधला गाउट, क्रॉनिक गाउटी आर्थ्रायटिस, इमेजिंगमध्ये दिसणारा स्फटिकांचा साठा, गाउटमुळे हाडाची झीज आणि पोडाग्रा. दुसऱ्यात आजाराच्या 8 अवस्थांना नावे दिली. मराठीत केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, माहितीपत्रक किंवा लेख लिहिणाऱ्याने हीच चौकट धरावी. पुढच्या चुका तिच्या आधारेच पाहू.

'अटॅक' आणि 'ॲक्यूट गाउट'

बोलताना सगळे 'गाउटचा अटॅक' म्हणतात. घरच्या माणसांना त्यात 'अटॅक' तेवढा ऐकू येतो आणि त्यांचा हात छातीकडे जातो. लिहिताना 'गाउटचा भडका' म्हणावे. दाह भडकतो ही कल्पना मराठीला परकी नाही आणि इंग्रजीत ठरलेल्या 'फ्लेअर'चा अर्थही तोच आहे. भडका ही घटना, गाउट हा आजार. नोंदीत दोन्हींना वेगळी जागा हवी: भडक्याची तारीख, सांधा, किती दिवस टिकला, आणि वर्षभरात असे किती झाले.

'पोडाग्रा' हा शब्द पायाच्या अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यातील भडक्यापुरताच आहे. गुडघा किंवा घोटा सुजला तर तो वापरू नये. अंगठा सुजला म्हणजे गाउटच, असेही धरू नये.

'क्रॉनिक गाउट'

सर्वात निसरडा शब्द हाच. कोणी तो 'दहा वर्षांपासून आहे' या अर्थाने लिहितो, कोणी टोफस दिसतात म्हणून, कोणी सांधा सतत सुजलेला असतो म्हणून, तर कोणी फक्त 'रोज गोळी चालू आहे' एवढ्यासाठी. चारही रुग्णांचे उपचार सारखे नसतात. म्हणून हा शब्द गाळून जे दिसते ते लिहा. टोफस असतील तर 'टोफसयुक्त गाउट'. एक्स-रे किंवा सीटीवर हाड कुरतडलेले दिसत असेल तर 'झीजकारक गाउट'. भडका ओसरल्यावरही स्फटिकांमुळे सांध्यातला दाह कायम असेल तरच 'क्रॉनिक गाउटी आर्थ्रायटिस'. भडके पुन्हा पुन्हा येत असतील तर 'पुनरावर्ती भडके', संख्येसह.

दोन भडक्यांच्या मधल्या शांत काळाला 'बरा झाला' म्हणू नये, कारण स्फटिक तेव्हाही सांध्यात असतात. आजार खरोखर शमला असे म्हणायचे तर 2016 मध्ये सुचवलेले प्राथमिक निकष आहेत: 12 महिने एकही भडका नाही, टोफस नाही, त्या काळात किमान दोनदा मोजलेले सीरम युरेट 6 मि.ग्रॅ./डे.लि.च्या खाली आणि वेदना व रुग्णाचा एकूण त्रास 10 पैकी 2 च्या आत.

युरिक ॲसिड की युरेट?

लॅबच्या रिपोर्टवर 'युरिक ॲसिड' छापलेले असते. उद्धृत करताना ते तसेच ठेवायला हरकत नाही. पण रक्ताचा सामू 7.4 असतो आणि युरिक ॲसिडचा पीकेए (ज्या सामूला अर्धे आम्ल आयनरूपात जाते तो आकडा) सुमारे 5.75, त्यामुळे रक्तात जवळपास सगळे युरेट आयनच्या रूपात असते. सांध्यात साचतो तो त्याचा सोडियम क्षार. लघवी आम्लधर्मी झाली की मात्र खरोखरचे युरिक ॲसिड तयार होते आणि त्याचे मूतखडे होऊ शकतात. दोन्हींना एकच शब्द वापरला की सांध्यात 'ॲसिड' साचलेय, लिंबू पिऊन मारू, असली समजूत पसरते. रक्त आणि सांधा यांबद्दल लिहिताना 'युरेट', लघवी आणि मूतखडा यांबद्दल लिहिताना 'युरिक ॲसिड', एवढा भेद पाळावा.

यात आणखी एक गोंधळ आकड्यांचा. मि.ग्रॅ./डे.लि. मध्ये तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळतात. लॅबची वरची मर्यादा साधारण 7 च्या आसपास आणि स्त्रियांसाठी त्याहून कमी असते. ती लोकसंख्येवरून काढलेली असते, म्हणून लॅबनुसार बदलते. युरेट विरघळण्याची मर्यादा सुमारे 6.8, ती रसायनशास्त्राची. आणि उपचाराचे लक्ष्य 6 च्या खाली. गाउट असलेल्या पुरुषाचे युरेट 6.9 आले आणि रिपोर्टवर लाल खूण नाही, म्हणून 'नॉर्मल' लिहिले तर रुग्ण लक्ष्याच्या वर राहतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. 'नॉर्मल'ऐवजी 'लक्ष्याच्या आत' किंवा 'लक्ष्याच्या वर' लिहा.

एकक कधीही गाळू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाचा रिपोर्ट मायक्रोमोल/लिटरमध्ये येतो, ऑस्ट्रेलियातला मिलिमोल/लिटरमध्ये. मि.ग्रॅ./डे.लि.ला 59.48 ने गुणले की मायक्रोमोल/लिटर मिळतात; 6 म्हणजे साधारण 360, तेच 0.36 मिलिमोल. रक्त कधी घेतले हेही आकड्याइतकेच महत्त्वाचे. ऐन भडक्यात युरेट खाली आलेले असू शकते. त्यामुळे 'भडक्याच्या तिसऱ्या दिवशी 6.2' असे लिहावे आणि भडका संपल्यावर किमान दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

नुसते युरेट वाढले म्हणजे गाउट नव्हे

हेल्थ चेकअपमध्ये 8.1 आले, सांध्याची कधीच तक्रार नाही, तरी फाइलवर 'गाउट' चढते. याला 'लक्षणरहित हायपरयुरिसेमिया' म्हणतात; आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत त्याचा कोड ई79.0, गाउटचा एम10. सोनोग्राफीत किंवा ड्युअल एनर्जी सीटीत स्फटिक दिसले पण त्रास कधीच झाला नाही, तर 'लक्षणरहित स्फटिकसंचय' लिहावे. भडका, त्वचेखालील टोफस किंवा क्रॉनिक गाउटी आर्थ्रायटिस, यांपैकी एक तरी आता असेल किंवा पूर्वी झालेले असेल तेव्हाच 'गाउट'. उलट, गुडघ्यातल्या पाण्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक सापडले तर 'सुडोगाउट', म्हणजे 'खोटा गाउट', लिहू नये. तो आजार वेगळा आहे आणि त्यात युरेट कमी करणारी गोळी उपयोगाची नाही.

ॲलोप्युरिनॉलची 'ॲलर्जी'

रुग्णाचे सर्वात मोठे नुकसान इथे होते. ॲलोप्युरिनॉल हे युरेट कमी करणारे औषध सुरू केले की साचलेले स्फटिक विरघळताना हलतात आणि पहिल्या काही महिन्यांत भडका येऊ शकतो. रुग्ण सांगतो, 'गोळी सोसली नाही.' कागदावर चढते: 'ॲलोप्युरिनॉल ॲलर्जी'. त्यानंतर ते स्वस्त आणि उपयोगी औषध पुन्हा कोणी लिहायला धजत नाही.

खरी ॲलर्जी वेगळी दिसते: अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या बिघडणे. यात गोळी तत्काळ बंद करायची आणि ठळक अक्षरांत नोंद करायची. फक्त सांधा सुजला असेल तर 'उपचारारंभीचा भडका, ॲलोप्युरिनॉल चालू' असे लिहा. तो टाळण्यासाठी सुरुवात रोज 100 मि.ग्रॅ. किंवा त्याहून कमी मात्रेने करतात, मूत्रपिंड अशक्त असेल तर आणखी कमी, आणि पहिले 3 ते 6 महिने भडका रोखणारे औषधही सोबत देतात.

'गाउटची गोळी' हा शब्दप्रयोग याच कारणाने सोडावा. भडक्यावरचे औषध, भडका रोखणारे औषध आणि युरेट कमी करणारे औषध ही तीन कामे वेगळी आहेत. कोल्चिसिन पहिली दोन्ही करते, म्हणून प्रिस्क्रिप्शनवर नावापुढे काम आणि मुदत हवी. नाहीतर रुग्ण दुखणे थांबल्यावर ॲलोप्युरिनॉल बंद करतो आणि कोल्चिसिन वर्षभर खात बसतो.

संधिवात, वातरक्त, गाठ, खडे

'संधिवात' हे मराठीत कुठल्याही सांधेदुखीचे नाव आहे. गाउटसाठी एकटे वापरले तर झिजेचा आजार आणि आमवात दोन्ही त्यात घुसतात. 'वातरक्त' आयुर्वेदातले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 29 वा अध्याय त्याचाच, आणि 'आढ्यवात', म्हणजे सधनांचा वात, हे त्याचे एक नावही तिथे येते. चित्र बरेच जुळते, पण वातरक्ताचे निदान स्फटिकांवर ठरत नाही. त्यामुळे दोन्ही शब्द समानार्थी मानून भाषांतर करू नये. आयुर्वेदाच्या कागदावर वातरक्त, बाकी ठिकाणी सरळ 'गाउट'. टोफसला नुसते 'गाठ' म्हटले तर कॅन्सरची भीती, 'खडे' म्हटले तर मूतखड्याचा समज. 'टोफस, म्हणजे युरेटचा खडूसारखा साठा' असे एकदा सांगून पुढे 'टोफस' वापरावा, आणि जागा लिहावी: कानाची पाळी, कोपर, बोटाचे टोक, टाचेमागची शीर.

भरलेली नोंद अशी दिसते:

गाउट, 2019 पासून. पुनरावर्ती भडके: 12 महिन्यांत 3, शेवटचा उजव्या घोट्यात, 6 दिवस. त्वचेखालील टोफस: डावे कोपर, 1. एक्स-रेवर झीज नाही. सीरम युरेट 8.4 मि.ग्रॅ./डे.लि., भडका संपल्यानंतर 3 आठवड्यांनी. लक्ष्य 6 च्या खाली, सध्या वर. ॲलोप्युरिनॉल 100 मि.ग्रॅ. रोज, युरेट कमी करण्यासाठी. भडका आला तरी बंद करू नये. कोल्चिसिन 0.5 मि.ग्रॅ. रोज, भडका रोखण्यासाठी, 6 महिने. औषधाची ॲलर्जी: नाही.