मृत्युपत्राच्या कामात शिरताना

वकिलीची सनद हातात पडली की पहिली हौस असते ड्राफ्टिंगची, म्हणजे दस्तांचे मसुदे लिहिण्याची. मृत्युपत्रांचं काम करायचं असेल तर ती हौस जरा आवरा आणि सीनियरच्या कपाटातल्या निकाली फायली काढून साक्षीदारांच्या उलटतपासण्या वाचा. मृत्युपत्राचा वाद उभा राहतो तेव्हा ते करणारा हयात नसतो. त्याच्या सहीबद्दल बोलायला उरतात ते दोन साक्षीदार.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ६३ म्हणूनच तोंडपाठ हवं. दोन साक्षीदार हवेत, प्रत्येकाने करणाऱ्याची सही होताना पाहिलेली हवी किंवा 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली हवी. दोघं एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. पण मी दोघांना एकत्रच बसवतो. त्याचं कारण 'जानकी नारायण भोईर वि. नारायण नामदेव कदम' या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सापडेल, (२००३) २ एससीसी ९१ ('सुप्रीम कोर्ट केसेस' हा निकालसंग्रह). तिथे एकच साक्षीदार तपासला गेला, त्याला दुसऱ्याची सही शाबीत करता आली नाही, आणि दुसऱ्याला बोलावलंच नव्हतं. मृत्युपत्र पडलं.

साक्षीदार निवडताना अशिलापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारी, सहज सापडणारी माणसं घ्या. कोर्टाच्या आवारात सहीसाठी मिळणारी माणसं नकोतच. दस्त नोंदवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही साक्षीदार तपासावा लागतोच.

अशील बहुधा एकटा येत नाही. ज्याला घर मिळायचं तोच मुलगा वडिलांना घेऊन येतो, आणि बोलतोही तोच. त्याला चहाला पाठवा. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते, आणि संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून पक्कं आहे. मुलगा रागावतो. रागावू दे. वडिलांशी एकट्याने अर्धा तास बोललात तर पहिल्या बायकोची मुलगी, भावाच्या नावावर राहिलेली जमीन, असं काहीबाही बाहेर येतं.

मग सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड मागवा. वडिलोपार्जित एकत्र मिळकत असेल तर अशिलाला फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. 'नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला?' हा प्रश्न हमखास येईल. शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलंय.

अशिलाची मिळकत गोव्यात असेल तर मात्र तिथल्या वकिलाला फोन करा. तिथे मुलंबाळं असलेल्या माणसाला साधारणपणे निम्म्याच मिळकतीची मनाजोगती विल्हेवाट लावता येते, आणि मृत्युपत्र करायची रीतही वेगळी आहे.