खपल्या काढण्याच्या सवयीवर चित्र काढताय? या चुका टाळा

त्वचा कुरतडण्याच्या स्वतःच्या सवयीवर चित्र काढायचं ठरवलं की पहिली ओढ जखमेकडे जाते. बाथरूमच्या आरशासमोर उभं राहायचं, फ्लॅश लावून गालाचा किंवा दंडाचा अगदी जवळून फोटो काढायचा आणि तो समोर ठेवून रंगवायला बसायचं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ही सवय असलेल्यांना ठाऊक असतं की बऱ्याचदा बोटांच्या आधी नजर त्वचेवर फिरते. कडक उजेड, जवळचा आरसा आणि खडबडीत काही सापडतंय का याचा शोध. फोटो झूम करून बघताना तोच शोध पुन्हा सुरू होतो आणि तासाभरात हात चेहऱ्यावर असतो. फोटो हवाच असेल तर दुसऱ्या कोणाला तरी हातभर अंतरावरून काढायला सांगा, त्याची छोटी प्रिंट घ्या आणि मोबाइलमधून काढून टाका.

माझं मत विचाराल तर जखमेपेक्षा हात काढा. अंगठा आणि तर्जनी कशी जुळतात, वाचता वाचता डावा हात उजव्या दंडावर कसा चढतो, कानामागची एकच जागा बोट कसं चाचपत राहतं. हे घरच्यांच्याही लक्षात येत नाही आणि फोटोतही सापडत नाही. लंडनची कलाकार लिझ ॲटकिन अनेक वर्षं त्वचा कुरतडण्याच्या विकाराशी झगडली. भुयारी रेल्वेतून जाताना ती फुकट मिळणाऱ्या वर्तमानपत्रांवर कोळशाने झटपट चित्रं काढू लागली आणि सहप्रवाशांना देऊन टाकू लागली. हात रिकामा राहत नाही, आणि चित्र देऊन टाकल्यामुळे त्यावर पुन्हा पुन्हा काम करायची सोयच उरत नाही.

हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्वचेवर जो 'अजून जरा साफ करू' म्हणणारा हट्ट असतो, तोच कागदावर उतरतो. एक रेघ खटकते, ती खोडायची, पुन्हा काढायची, वाळलेल्या रंगाचा उंचवटा नखाने खरवडायचा. शेवटी कागदाचा पापुद्रा निघतो. असं होत असेल तर खोडरबर आणि ब्लेड दुसऱ्या खोलीत ठेवा, शाईने काढा आणि मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की चित्र उलटं करून ठेवायचं. ते दुसऱ्या दिवशी बघा.

फेविकॉल तळहातावर वाळवून त्याची साल काढायचा खेळ शाळेत आपण सगळ्यांनीच खेळलाय. बोटांना पर्याय म्हणून काही जण तेच करतात, किंवा ऑइल पेस्टलवर काळा रंग चढवून सुईने खरवडतात. कोणाला याने खरंच उतार पडतो, कोणाची मात्र बोटं उलट चेकाळतात. स्वतःवर लक्ष ठेवा: साल काढून झाल्यावर हात शांत होतो की दंडाकडे वळतो? वळत असेल तर हे साहित्य तुमच्यासाठी नाही.

खपल्या किंवा रक्त टिपलेले टिश्यू पेपर जमवून कोलाज करू नका. एकदा खपली 'साहित्य' झाली की नवीन खपली लागते, आणि सवयीला हक्काचं काम मिळतं.

उघड्या जखमेवर टर्पेंटाइन, रेझिन, रंगाची पूड काहीच लागू देऊ नका. कोळशाचे कण कातडीत अडकले तर गोंदल्यासारखा कायमचा डाग राहू शकतो. जखम झाकूनच बसा. स्वतःच्या हाताचा साचा घ्यायचा असेल तर हात प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून ठेवू नका. घट्ट होताना ते चटका बसण्याइतकं तापतं आणि हात आत अडकतो. कोळशाचा एक फायदा मात्र सांगायलाच हवा: बोटं काळी असली की चेहऱ्याला लागलेला हात लगेच दिसतो. नकळत होणारी गोष्ट कळू लागते.

चित्राला औषध समजू नका. याला अनेक घरांत 'घाणेरडी सवय' म्हणून रागावतात, पण अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013च्या वर्गीकरणात हा ओसीडीच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) गटातला स्वतंत्र विकार आहे. हात कधी, कुठे, कशामुळे जातो हे ओळखून त्याला दुसरी हालचाल शिकवणारी 'हॅबिट रिव्हर्सल' ही उपचारपद्धत त्यासाठी वापरतात. जखम लाल, गरम, पू भरलेली असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

चित्रं दाखवायची वेळ आली की आणखी एक अडचण येते. बघणाऱ्याची नजर चित्रावरून थेट तुमच्या हातावर येते आणि एखादी मावशी सगळ्यांसमोर विचारते, "अगं, आता बरं आहे का? दाखव बघू." पूर्ण बाह्या घालायच्या की नाही, हे घरूनच ठरवून निघा. हात दाखवायला तुम्ही बांधील नाही. "मावशी, त्या चित्राबद्दल विचार ना," म्हटलं तरी चालतं. आणि जखमांची चित्रं नेटवर टाकणार असाल तर आधी तशी सूचना लिहा, कारण हीच सवय असलेल्या दुसऱ्या कोणाचा हात ती बघून वळवळू शकतो.