उबंटू टाकलं, विंडोज गायब? थांबा, फॉरमॅट मारू नका

परवा राजारामपुरीतला एक दोस्त लॅपटॉप घेऊन घरी आला, तोंड एवढंसं झालेलं. विंडोजशेजारी उबंटू, म्हणजे लिनक्सवाली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं आणि विंडोज दिसंनाच, दुकानवाला म्हणाला सगळं फॉरमॅट मारावं लागतंय. भावांनो, बहुतेक वेळा विंडोज जाग्यावरच असतंय, फक्त तिथं जायची वाट बंद झालेली असती.

आधी मशीन चालू करतानाच बूट मेन्यूचं (कुठनं चालू करायचं ते निवडायच्या यादीचं) बटण दाबत रहा, एफ१२, एफ९ नाहीतर एस्केप, कंपनीप्रमाणं बदलतंय. तिथनं विंडोज बूट मॅनेजर निवडलं आणि विंडोज चालू झालं की डाटा शाबूत आहे, निम्मं टेन्शन तिथंच गेलं.

आता खरी गोम. विंडोज यूईएफआय मोडमध्ये (मशीन चालू व्हायची नवी पद्धत) आणि उबंटू लेगसीमध्ये (जुनी पद्धत) पडलं की ग्रबला, म्हणजे उबंटूबरोबर येणाऱ्या, सुरुवातीला सिस्टिमची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, विंडोज चालू करता येत नाही. दोस्ताचं हेच झालेलं, कारण बूट मेन्यूत उबंटू टाकायचा पेनड्राइव्ह दोनदा दिसतोय आणि गड्यानं वरचा बघून एंटर मारला. ज्याच्यापुढं यूईएफआय लिहिलंय तोच घ्यायचा. विंडोजचा मोड बघायला सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, बायोस मोड म्हणून ओळ असती. चुकलं असलं तरी परत सगळं टाकायला नको, पेनड्राइव्ह यूईएफआयमधनं लावून लाइव्ह उबंटूत (पेनड्राइव्हवरनंच चालणाऱ्या) बूट-रिपेअर नावाचं दुरुस्तीचं टूल चालवा, आम्ही चहा पिऊस्तोवर काम झालं.

मोड बरोबर आहे पण ग्रबच्या यादीत विंडोज नाही? २०२१ च्या ग्रब २.०६ पासनं दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलाय. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर'ची ओळ फॉल्स करा, मग टर्मिनलमध्ये सुडो (अॅडमिनचा हक्क) लावून अपडेट-ग्रब कमांड चालवा. आणि उलटं, थेट विंडोजच चालू होत असंल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बूट ऑर्डरला उबंटू वर घ्या, झालं.

पण बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधनं वहीत उतरून घ्या, नाहीतर बायोसमधलं सिक्युअर बूट हे सुरक्षेचं सेटिंग बदलल्यावर विंडोज की मागतंय आणि मग पळापळ. विंडोजचं फास्ट स्टार्टअप पण बंद करा, नाहीतर उबंटूतनं सी ड्राइव्हवर काय लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोस्ताचा परत फोन, सकाळचे नऊ वाजलेत आणि विंडोज साडेतीन दाखवतंय म्हणून. उबंटू मशीनचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतंय, विंडोज लोकल टाइममध्ये, म्हणून साडेपाच तासांचा फरक. उबंटूत टाइमडेटसीटीएल कमांडनं लोकल आरटीसी (आरटीसी म्हणजे मशीनचं आतलं घड्याळ) १ केलं की दोघांचं जुळतंय.