भावंडांचा डाव मोडतो कुठे? घरात एकत्र खेळता-शिकताना या चुका टाळा

दोन भावंडं खेळायला बसली की थोड्याच वेळात एक जण तक्रार घेऊन स्वयंपाकघरात येतो, हे बहुतेक घरांत ठरलेलं. पण बऱ्याचदा गडबड डाव मांडतानाच झालेली असते, आणि ती मोठ्यांनी केलेली असते.

“तू मोठी आहेस ना, दे त्याला!”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. मोठीला यातून उदारपणा येत नाही, ती वस्तू लपवायला शिकते. धाकट्याला कळतं की भोकाड पसरलं की काम होतं. त्यापेक्षा मोठीच्या काही वस्तू फक्त तिच्याच आहेत हे घरात सगळ्यांनी मान्य करावं. तिचा शाळेचा प्रकल्प, रंगपेटी धाकट्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. बाकीचं दोघांचं. पाळी ठरवायची तर “थोडा वेळ तू, मग तो” असं मोघम नको. “दहा वेळा चेंडू उडवला की त्याची पाळी” हे चार वर्षांच्या मुलालाही मोजता येतं.

जोडीच विषम

नऊ वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा भाऊ यांना कॅरमसमोर बसवलं तर निकाल आधीच ठरलेला. अंगणातल्या खेळांत यावर लिंबूटिंबूचा तोडगा होता: पळायचं सगळ्यांबरोबर, पण राज्य घ्यायचं नाही. घरातही तो चालतो, फक्त फार दिवस नको. आपण खिजगणतीत नाही हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. मग त्याला सवलत द्या. कॅरममध्ये त्यानं कुठल्याही रंगाची सोंगटी घ्यावी, ताईनं फक्त आपल्या रंगाची. बदाम सातमध्ये त्याची पानं उघडी ठेवून बाबांनी त्याच्याशी जोडी करावी.

माझं मत विचाराल तर वयात अंतर असलेल्या भावंडांसाठी सापशिडीसारखा खेळ नाही. फासा कुणाचं वय बघत नाही. फक्त एक चूक हमखास होते: सोंगटी उभी आहे त्याच घराला मूल ‘एक’ म्हणतं आणि एक घर मागे राहतं. तिथे ओरडू नका, पुढच्या घरावर बोट ठेवून सुरुवात करून द्या. आकडे ओळखू लागलं की ‘एक, दोन, तीन’ऐवजी घरावरचा आकडा मोठ्यानं म्हणायला लावा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास इथेच मराठी मुलं अडखळतात, आणि इथे ते आपोआप घोटून होतं. ताईला कंटाळा येत असेल तर तिच्या हातात दोन फासे द्या. ती 47 वर असेल आणि शिडी 56 ला, तर किती पडायला हवेत हे तिनं आधी सांगायचं.

तिसरा भिडू म्हणून आई-बाबा बसणार असतील आणि धाकटाही सात-आठ वर्षांचा असेल, तर पाच-तीन-दोन काढा. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची 28 पानं आणि दोन सत्त्या, म्हणजे 30 पानं, प्रत्येकाला दहा. आधी पाच-पाच वाटायची, मग तिघांपैकी ज्याला पाच हात करायचे आहेत (बाकीच्यांना तीन आणि दोन) त्यानं हुकूम बोलायचा.

ताईची बाई करू नका

“जरा त्याचे पाढे घे गं” म्हणून मोठीवर सोपवलं की ती आपल्याच सुरात धाकट्यावर खेकसते. तिला गोष्ट वाचून दाखवू दे, खेळाचे नियम समजावू दे, तेही तिला हवं तेव्हा. पाढे आणि गृहपाठ आपणच बघावा. “बघ, ताई कशी पटकन करते” हे तर बोलूच नका.

भांडण ऐकू आलं की धावत जाऊन “कुणी सुरू केलं?” विचारण्यात अर्थ नसतो; त्याला दोन उत्तरं येतात आणि दोन्ही खरी वाटतात. हात उगारला नसेल तर थांबा. उगारला असेल तर खटला न चालवता पट गुंडाळून ठेवा.

तीन वर्षांखालचं मूल जवळपास असेल तर सागरगोटे, चिंचोके, फासे मोजून काढायचे आणि मोजून ठेवायचे. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल गिळला गेल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि जेवणाआधीच्या अर्ध्या तासात नवा डाव मांडू नका. भुकेलेल्या मुलाला हरणं जमत नाही.