गुडघा बदलल्यावर: आधी सरळ करा, मग वाकवा

गुडघा बदलून माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, "किती वाकतोय?" फिजिओथेरपिस्ट मात्र आधी बघतो, तो पूर्ण सरळ होतोय का. पाच-दहा अंशांची कसर राहिली तरी नुसतं उभं राहताना मांडीच्या पुढच्या स्नायूला विसावा मिळत नाही, चाल लंगडी होते आणि मागोमाग कंबर कुरकुरायला लागते.

म्हणून गुडघ्याखाली उशी अजिबात नको. तिने बरं वाटतं, पण गुडघा त्याच स्थितीत आखडतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. ५ ते १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. पाय बाहेरच्या बाजूला कलंडू देऊ नका, बोटं छताकडे हवीत.

तसंच पडून मांडी आवळा, गुडघा गादीकडे दाबा, ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा. श्वास रोखू नका. मांडीवर हात ठेवून बघा: स्नायू घट्ट लागला आणि वाटी किंचित वर सरकली, तर काम होतंय. बरेचजण नुसते नितंब आवळतात. पहिले काही दिवस स्नायू दाद देत नाही तो सुजेमुळे. प्रयत्न चालू ठेवा.

वाकवण्यासाठी टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्या, म्हणजे चादरीवर पाय सहज सरकतो. टाच नितंबाकडे आणा, शेवटी ५ सेकंद थांबा, १० वेळा. पुढे खुर्चीत बसून चांगल्या पायाने दुसरा पाय हळूच मागे रेटा. नितंब उचलला जात असेल तर वाढलेले अंश खोटे. दोन आठवड्यांच्या सुमारास ९० अंश हे साधारण उद्दिष्ट. मालिशवाल्याकडून जोर लावून वाकवून घेणं मात्र नकोच; सूज वाढते आणि मिळवलेलंही जातं.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. व्यायामाच्या वेळी ताण बसणारच. पण गुडघा रात्रभर ठणकला किंवा सकाळी जास्त सुजलेला दिसला, तर व्यायाम जितक्या वेळा करता तो आकडा निम्म्यावर आणा. बंद करू नका.

वॉकर सुटला की काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची. हात सोडून उभं राहिल्यावर तिची मूठ मनगटाशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. कठडा धराच.

जमिनीवर बसणं, मांडी घालणं आणि भारतीय संडास सर्जनने सांगेपर्यंत बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप भरला, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा.

सहा आठवड्यांनीही ९० अंश होत नसतील तर "हळूहळू होईल" म्हणत बसू नका, सर्जनला भेटा. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांत जास्त लागू पडतो. पुढे आतले व्रण पक्के होतात.