बुटांच्या खोक्याचा प्रोजेक्टर
खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला जमलेल्या पोरांना भिंतीवर चित्रे दाखवायची असतील, तर बुटांचे खोके, १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे (म्हणजे दूरचा उजेड तेवढ्या अंतरावर एका ठिपक्यात गोळा करणारे) भिंग आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) एवढे साहित्य पुरते. पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने ४ सेंटिमीटरचे चित्र काढावे आणि बॅटरीच्या बाजूने सुलट धरून मग डोके खाली करून लावावे, कारण भिंग प्रतिमा उलटवते. भिंत भिंगापासून २ मीटरवर असल्यास चित्र साधारण १०.५ सेंटिमीटरवर ठेवावे. ते सुमारे ७६ सेंटिमीटरचे दिसते. चित्र मिलिमीटरभर हलले तरी धूसर होते, म्हणून भिंग पुठ्ठ्याच्या सरकत्या नळीत बसवावे. उजेड सगळीकडे पसरावा म्हणून चित्रामागे, बॅटरीच्या बाजूला, बटर पेपर हवाच. माझ्या पहिल्या प्रयत्नात तो नव्हता आणि चित्रातल्या केळीच्या अख्ख्या घडातली मधली दोनच केळी उजळली.