महिनाभर उभी असलेली जुनी डिझेल पिकअप सेल मारून दमवू नका

आजोबांची पिकअप आता माझ्याकडे आहे. रोज चालत नाही, त्यामुळे बरेच दिवस उभी राहिली की डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरते. मग सेल मारत बसलं की बॅटरी उतरते, गाडी तशीच. आजोबा आधी बॉनेट उघडून ही हवा हातानं काढायचे. ती अशी:

१. टाकीत डिझेल आहे ना, बघा. (हसू नका, मी एकदा इथंच फसलोय.)
२. डिझेल फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा, खाली फडकं धरा.
३. फीड पंपाच्या (टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे पाठवणारा पंप) हँडपंपाची मूठ फिरवून मोकळी करा आणि दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल.
४. सलग धार लागली की स्क्रू आवळा. हात जड लागेपर्यंत आणखी थोडे दाबे द्या, मूठ परत आवळून बसवा.
५. आता सेल मारा, एका वेळी १० सेकंदच. नाहीच लागली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा.

दर वेळी हवा धरत असेल तर होजचे क्लिप आणि फिल्टरचे वॉशर बघा, गळती बहुतेक तिथंच सापडते.

इंजिन गार असतानाच हे करा. बिडी-सिगारेट लांब ठेवा, सांडलेलं डिझेल लगेच पुसा.